ड्रम काढून डिस्क बसवलेल्या गाडीबाबत

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा गॅरेज (बंद), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे रागाच्या भरात लिहिलेले नाही, निदान सगळे नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. बापाचे पाप तिच्या माथी मारू नये.

२. पाने, जॅक आणि ब्रेकची सगळी हत्यारेही तिलाच. माझी एक सवय तिने पाळावी: गाडीतून काढलेल्या प्रत्येक जुन्या भागावर पंचने दोन ठिपके मारावेत, म्हणजे तो चुकून परत बसत नाही. मुद्दाम बसवणाऱ्यापुढे मात्र इलाज नाही.

३. गाडी. जुनी, पिवळी, भंगारातून उचलून मी उभी केलेली. पाण्यातून गेली की तिचे ड्रम ब्रेक एका बाजूला ओढायचे, म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या. पेडल दाबले की ब्रेकला ऑइल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर मी काढला आणि नवा आणून बसवायचे काम भावाकडे दिले. जुन्या सिलिंडरमध्ये नळीतला दाब धरून ठेवणारी झडप होती. ड्रमला ती लागते. डिस्कला मात्र तिच्यामुळे पॅड सुटत नाहीत, घासून तापतात, ऑइल उकळते आणि ब्रेक लागत नाही. हे त्याला मीच शिकवले होते.

चौथ्या दिवशी उतारावर पेडल तळाला गेले आणि गाडी भिंतीवर आदळली. शेजारी बायको बसली होती. तिचा गुडघा कायमचा गेला. भाऊ चारचौघांत म्हणाला, "दादा, तुला आता नीट दिसत नाही. ऑइलमधली हवा काढायची राहिली तुझ्याकडून." मोतीबिंदू होताच, मला पटले. त्या दिवसापासून मी पान्याला हात लावला नाही. मागच्या महिन्यात पुतणीला गाडी द्यायची म्हणून बॉनेट उघडले, सिलिंडरचा काळा रंग खरवडला, तर खाली माझेच दोन ठिपके. चोर तो चोर, वर शिरजोर! गाडीही पुतणीने घ्यावी. सिलिंडर आधी बदलावा.

४. भावाला काही नाही. विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "नवा मागवायचा राहिला होता, दादा. तुझी घाई चाललेली, म्हणून जुनाच रंगवून लावला. पण वहिनीला मी आठवड्याभरात सांगितलं होतं. ती म्हणाली, भाऊजी, ह्यांना कळू देऊ नका, तुम्ही दोघं परत एकमेकांचं तोंड बघणार नाही."

५. बायको जाऊन दोन वर्षे झाली. त्याआधी सात वर्षे मी रोज तिचा गुडघा शेकला आणि रोज तिची माफी मागितली. ती म्हणायची, "असू द्या हो." माझा धंदा गेला, हातावरचा विश्वास गेला, झोप गेली, हे सगळे ती बघत होती. भावावरचा राग वर लिहून दिला आहे, तो त्याने घ्यावा. तिच्यावरचा राग कोणाच्या नावे करावा, हे मला कळत नाही. तो माझ्याबरोबरच जाऊ द्यावा.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (सही)
२. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका (सही)
सही आमच्यासमोर झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.