शेंदराची खोळ

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. मेलेल्या माणसाशी वैर धरू नये म्हणतात. मी धरलं आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. तुम्ही उंबऱ्यात दिसलात की आईसुद्धा भांड्यांचा आवाज करायची थांबायची. मग आता नाही बोलायचं तर कधी? गेल्या आठवड्यात गावाकडून एक पाकीट आलं आहे. ते टेबलावर पडलं आहे, आणि ते आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे लिहायला बसले. पाकिटाचं नंतर सांगते. आधी माझं ऐका, एकदा तरी.

तुम्ही भैरोबाचे गुरव. तुमचे वडील गुरव, त्यांचे वडील गुरव. चाकणच्या पलीकडे भामा नदीच्या अंगाला आपलं गाव, गावात सगळ्यांत मोठा मान पाटलाचा आणि त्याच्या खालोखाल तुमचा, कारण देवाच्या अंगाला हात लावायचा हक्क फक्त तुमचा. दर शनिवारी तुम्ही शेंदूर तेलात खलायचात आणि देवाला चढवायचात. मी सभामंडपात बसून पत्रावळी टाचायचे. पळसाची पानं, वर काड्या, दिवसाला शंभर-सव्वाशे. लोकांना वाटतं चित्रकला मी शाळेत शिकले. मी ती पळसाच्या पानाच्या पाठीवर शिकले. पानाचं पोट गुळगुळीत, त्यावर बघण्यासारखं काही नसतं. पाठीवर शिरा उठलेल्या असतात, एक मोठी आणि तिला फुटलेल्या बारीक, आणि त्या कडेपर्यंत जाता जाता कुठे नाहीशा होतात ते कितीही बारकाईनं पाहिलं तरी सापडत नाही. मी तासन् तास तेच शोधायचे. एकदा त्या नादात पंचवीसेक पत्रावळी उलट्या टाचल्या, पाठ वर करून. तुम्ही सगळ्या उचलून गुरांपुढे टाकल्यात आणि मला पुन्हा पहिल्यापासून टाचायला बसवलंत. जेवायला बोलावलं नाहीत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

एक गोष्ट मात्र तुमच्या नावावर आहे, ती नाकारली तर खोटेपणा होईल. त्याच वर्षी एका शनिवारी तुम्ही खलातला उरलासुरला शेंदूर करवंटीत काढून माझ्यापुढे सरकवलात. "भितीवर काढ काय काढायचं ते. देवळाच्या न्हाई, घराच्या," एवढंच म्हणालात. माझ्या आयुष्यातला पहिला रंग तो. मी ती करवंटी कितीतरी वर्षं जपली. पण एका करवंटीवर तुम्हाला सगळं माफ करीन असं समजू नका.

देवाच्या अंगावर शेंदराचे थर किती होते कोण जाणे. कुणी म्हणायचं शंभर वर्षांचे, कुणी म्हणायचं पेशवाईपासूनचे. त्या गोळ्याला नाक नव्हतं, तोंड नव्हतं, वर बसवलेले चांदीचे डोळे तेवढे होते. मला त्यानं वेड लावलं होतं. आत काय असेल? मूर्ती असेल तर ती कुणी घडवली असेल, आणि त्याला काय वाटलं असेल, आपलं काम लोकांनी असं झाकून टाकलं म्हणून? मी आईला विचारलं तर ती म्हणाली, देवाला असले प्रश्न विचारू नयेत. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचंय? चुलीकडं बघ." पण चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत माझं मत ठाम झालं होतं, आणि आज मोठमोठ्या कलासमीक्षकांपुढे मी बोलते ते त्याहून वेगळं काही नाही. जे दिसतं ते काढण्यात काय शहाणपण? ते तर दिसतंच आहे. नदी काढायची तर डोहाच्या तळाशी काय आहे ते कळलं पाहिजे, आणि ते कळत नाही हेच चित्रात आलं पाहिजे. शब्द तेव्हा माझ्याकडे नव्हते, पण मत हेच होतं.

मग ती चैत्रातली दुपार. जत्रेला आठ दिवस होते. ऊन असं की देवळाच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता. गावातले सगळे जेवून आडवे झालेले, देवळात तुम्ही आणि मी. मी पानं निवडते आहे, तुम्ही गाभाऱ्यात समया घासता आहात. आणि आतून धप्प असा आवाज येतो, ओल्या मातीची भिंत बसावी तसा. तुम्ही बाहेर येता ते धोतरावर लाल धूळ घेऊन. तुमचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. तुम्ही घाबरला होता. देवानं खोळ टाकली होती. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर एका दमात गळून खाली पडला होता.

खोळ पडली की देव उघडा. नवा शेंदूर चढून डोळे बसेपर्यंत गुरवाशिवाय कुणी त्याला पाहायचं नाही, पाहिलं तर घराण्याचं वाटोळं, हा रिवाज. आणि दुसरा रिवाज असा की शेंदूर चढवण्याआधी गुरवानं देव नीट पाहून घ्यायचा आणि बाहेर येऊन त्याचं रूप पाटलाला तोंडी सांगायचं, एकदाच. मग गावाला पुढची खोळ पडेपर्यंत तेवढंच माहीत. तुम्हाला घाई होती. पाणी हवं होतं, आणि आणून द्यायला दुसरं कुणी नव्हतं. बाईमाणसाला गाभाऱ्याची बंदी, पण तुम्ही म्हणालात, "घागर आन. उंबऱ्याच्या बाहीर हुबी ऱ्हा. डोळं मीट." मी घागर आणली. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत. दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला, तुम्ही हातानं चोळता आहात त्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. संध्याकाळपर्यंत शेंदूर चढला, डोळे बसले. बाहेर येऊन तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात.

"पाह्यलंस का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे किती तरी वेळ बघत राहिलात. तुमचा विश्वास बसला नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पाटलाला तुम्ही रूप सांगितलंत ते सगळ्या गावानं ऐकलं. रुंद कपाळ, मान जराशी डावीकडे, पीळदार मिशी, ओठ मिटलेले. पाटील खूश झाला. त्याच्या डोक्यात आलं की ह्या रूपाचं चित्र छापून जत्रेत वाटायचं, आणि चित्र काढणारी तर गुरवाच्याच घरात आहे. म्हणून तुम्ही मला अंगणात बसवलंत. तीन दिवस. तुम्ही सांगायचं, मी काढायचं. कपाळ अजून रुंद. मिशी खाली. ओठ असे न्हाईत, घट मीट. माझ्या हाताला तुम्ही माझं काही करूच दिलं नाहीत. गवंड्याच्या हाताखालची बाई जशी म्हणतील तिथे वीट देते तशी मी तुम्हाला रेघा देत होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आबा, खरंच असा हाय का त्यो?" साधा प्रश्न होता. तुम्ही माझ्या हातातली शिसपेन काढून घेतलीत, चुलीत घातलीत, आणि म्हणालात, "तू पाह्यलंस, म्हनून इचारतीस. आजपास्नं ह्या घरात रेघ वढायची न्हाई." त्या दिवशी माझी खात्री पटली. खरं सांगणारा माणूस एवढा चिडत नाही. दगडाला चेहरा नव्हता. तुम्ही तो बनवला होता आणि माझ्या हातानं कागदावर उतरवून घेतला होता. आणि नंतर चित्रं पुण्याहून छापून आली, घरोघर लागली, बाया त्यापुढे उदबत्ती लावू लागल्या. माझं पहिलं छापलेलं चित्र, आणि ते खोटं. हे तुम्ही मला दिलंत.

वर्षभर मी रेघ ओढली नाही. मग आईनंच मला पिंपरीला मामाकडे धाडलं. तिथे औषधाचा नवा कारखाना निघाला होता, मामा तिथे कामाला लागला होता, आणि आजूबाजूला सिंधी लोकांच्या छावणीत सकाळ-संध्याकाळ नुसती माणसं. कुणाला कुणाची जात माहीत नाही, देव माहीत नाही. मला तिथे श्वास घेता आला. शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या, त्यांनी माझे हात बघून मला कागद दिला. मी तीन फुटांचा दगड काढला. खाली करडा, वर अर्धवट सोललेला लाल, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. लाल रंग तुमच्या करवंटीतला होता. बाईंनी चित्र पुण्याच्या प्रदर्शनात लावलं, त्याला बक्षीस मिळालं, आणि एका वर्तमानपत्राचा माणूस मला विचारायला आला की हे सुचलं कसं. मी त्याला आपल्या गावाचं नाव सांगितलं, खोळ सांगितली, दुपार सांगितली. म्हटलं, मी दगड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. नदीतल्या गोट्यासारखा होता, कोरा. निसर्गानं जी जागा रिकामी ठेवली ती माणसानं भरू नये, माझी कला एवढंच सांगते. त्यानं सगळं छापलं. सतरा वर्षांच्या पोरीचं तत्त्वज्ञान म्हणून लोकांनी कौतुक केलं. पुढचं सगळं आयुष्य मी त्या एका बातमीवर उभं केलं. आजवर काढलेल्या दीडशे-दोनशे चित्रांत एकालाही चेहरा नाही.

ते वर्तमानपत्र गावच्या चावडीवर पोचणार हे मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पोचावं म्हणूनच मी गावाचं नाव सांगितलं होतं. पुढे काय झालं ते आईनं पिंपरीला येऊन सांगितलं, मामाच्या खोलीत, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. पाटलानं तुम्हाला चावडीवर बोलावलं. सगळं गाव जमलं. बातमी मोठ्यानं वाचली गेली. पाटील म्हणाला, पोर खोटं बोलती असं तू सांग, विषय मिटला. किती सोपं होतं ते, आबा. एक वाक्य. ती लहान आहे, तिला अक्कल नाही, बस्स. गाव तुमचंच ऐकणार होतं. आणि तुम्ही म्हणालात, "माझी लेक खोटं बोलत न्हाई. ती पाह्यलं म्हनती, तर पाह्यलं आसंल."

मग तू सांगितलेल्या तोंडाचं काय, असं पाटलानं विचारलं. तुम्ही पागोटं सारखं केलंत आणि घरी आलात. देवळाच्या किल्ल्या संध्याकाळी चुलतभावाकडे गेल्या. त्यानंतर तुम्ही देवाला हात लावला नाहीत. ओसरीवर बसून पत्रावळी टाचायचात, असं आई म्हणाली. दोन वर्षांनी गेलात. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

ह्याच गोष्टीसाठी मी तुम्हाला सगळ्यांत जास्त दोष देते. शिसपेन जाळलीत, उपाशी ठेवलंत, त्याचं मला आता काही नाही. पण त्या चावडीवर तुम्ही माझा राग काढून घेतलात. मी तुमच्याशी भांडायला दारूगोळा जमवून बसले होते आणि तुम्ही लढलाच नाहीत. मला खरी ठरवून स्वतः खोटे ठरलात आणि मरून गेलात. आता मी काय करायचं होतं? गावात येऊन काय सांगायचं होतं? लोकांनी घराघरातून ते चित्र काढलंही नाही. आजही टेम्पोच्या काचेवर तोच पीळदार मिशीचा भैरोबा दिसतो. चाकणला कंपन्यांसाठी जमिनी मोजतात त्या साहेबांच्या टेबलावरसुद्धा मी तो पाहिला. तुमचं कोडं मला कधीच सुटलं नाही. चेहरा सांगताना तुमचा आवाज जराही अडखळला नव्हता. मान डावीकडे, हे कुणी मनानं रचेल का? रचलंच तर मान सरळ रचेल.

आता पाकिटाचं. तुमच्या चुलतभावाच्या नातवानं पाठवलं आहे, आता तोच गुरव. ह्या चैत्रात पुन्हा खोळ पडली. आता रिवाज कोण पाळतो, त्यानं शेंदूर चढवायच्या आधी फोटो काढला. सोबत चिठ्ठी आहे: 'आत्या, तुम्ही एवढं आयुष्य ह्या दगडाची चित्रं काढलीत, म्हणून पहिला फोटो तुम्हाला. मी अजून कुणाला दाखवलेला नाही. बघून कळवा.' चिठ्ठी बाहेर टाचलेली होती म्हणून वाचली. पाकीट जाड कागदाचं आहे, उजेडासमोर धरून काही दिसत नाही. मी धरून पाहिलं.

आठ दिवस झाले. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पाकीटही फोडलेलं नाही. त्या दुपारी घागर तुमच्या हातात दिल्यावर मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि डोळे इतके घट्ट मिटले होते की दुखायला लागले. मला भीती वाटत होती, आबा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरंच सांगितलं होतं.