येळवशीची आंबील

मंगळूर

दीपमालाच्या अप्पांना विजयश्रीचा नमस्कार.

मी बरी हाय. शाळेतली नोकरी चांगली हाय, भाताचीबी सवय व्हायलीय. फोनवर तुम्ही "समदं बरं हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायले. आत्याबाई वारल्यापासून मामंजी ताट तसंच बाजूला सारायलेत, असं दीपमाला म्हणाली. मला कामून सांगितलं न्हाई?

येळवस, शेतातल्या पूजेची अवस, तोंडावर आली. शेतात न्यायची आंबील घरची थोरली बाई लावते. आत्याबाईंच्या माघारी सून म्हणून यंदा ती मीच, आणि मला रजा न्हाई. आपल्या दीपमालाला लावू द्या. बिघडली तर रागावू नका. मामंजींना समोर बसून जेवू घाला.

काल मी एकटीपुरती ज्वारीची आंबील करायला घेतली. पातेलं काठोकाठ भरलं. सवयीनं घरच्या समद्यांचा, आत्याबाईंचाबी वाटा धरला होता.

तुमची,
विजयश्री