फळ्यावरची पहिली ओळ

मी कृष्णात गुंडू पोवार, वय ५६, वेटलिफ्टिंगचा प्रशिक्षक, राहणार कुरुंदवाड, जि. कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहितो. सोमवारी मणक्याचे ऑपरेशन आहे. घाबरलेलो नाही. मोठ्या वजनाला हात घालण्याआधी पट्टा बांधतात, तसे हे.

१. राहते घर मुलगा राजवीर याला. त्याने जन्मात बार धरला नाही. पण पहाटे उठतो आणि खोटे बोलत नाही. मला तेवढे पुरते.

२. व्यायामशाळा, तिची जागा, दोन बार व सर्व प्लेटा माझी शिष्या वर्षाराणी हिला. मला कुणी शिकवले नाही. जुन्या मासिकांतले फोटो बघून शिकलो. माझा एकच नियम तिने मोडू नये : ज्याने वजन उचलले, त्यानेच ते जागेवर नेऊन ठेवायचे. पदकवाल्यानेसुद्धा. यश म्हणजे एवढेच, बाकी नुसत्या टाळ्या.

३. या यादीसाठी परवा एकेक प्लेट काट्यावर ठेवली. वीस किलोच्या सहापैकी दोन साडेअठराच भरल्या. १९९७ साली वीस किलोच्या बारला याच सहा लावून मी १४० किलो उचलले आणि व्यायामशाळेच्या फळ्यावर पहिली ओळ माझी लिहिली. दुसरी बापूसो चौगुले याची, १३७.५, ती मात्र स्पर्धेतली, तपासलेल्या प्लेटांवरची. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडला, "कृष्णात, तुझ्या प्लेटा हलक्या हायत की!" मी त्याला दंडाला धरून बाहेर काढले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

खरे वजन १३७. अर्ध्या किलोने तो पुढे आहे. माझ्या पश्चात वर्षाराणीने त्याचे नाव वर लिहावे, माझे खाली. त्या दोन प्लेटांवर १८.५ असे रंगवावे.

४. बापूसोला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये म्हणतात, आणि या कागदावर डॉक्टरांच्या जोडीला दुसऱ्या कुणाची साक्ष मला चालणार नव्हती. निरोप धाडला, दहा मिनिटांत आला.

कुरुंदवाड, दि. ९ जानेवारी २०२६
सही : कृष्णात गुंडू पोवार

साक्षीदार १ : डॉ. सयाजी निकम. सही माझ्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीत, नाडी ७२.

साक्षीदार २ : बापूसो चौगुले. वाचलं. सही केली. पर पश्चात कशाला? उचललं त्यानंच जागेवर ठेवायचं, हे तुझंच न्हवं? रंग, ब्रश घेऊन आलोय. फळा मी खाली काढतो, तू बसून लिही.