विचारल्याशिवाय न बोलणारा डबा

नाना, सकाळपासून डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत दाबल्यासारखं होतंय आणि मी घाबरलोय. सुनेला अजून सांगितलेलं नाही. तिनं विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. हे लिहिताना त्याचीच जास्त भीती वाटते.

या आठवड्यात आमच्या जळगावच्या पाइपच्या कारखान्यात यूएसबीचा एक डबा बसवला. मशीनमधलं प्लास्टिक किती तापलंय ते तो संगणकाला सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, इंजिनिअरसाहेबांना भीत भीतच विचारलं, "साहेब, जास्त तापलं तर हा लगेच ओरडेल ना?" ते हसले. "काका, हा स्वतःहून तोंड उघडत नाही. संगणक सारखा विचारत राहतो, तेव्हाच बोलतो. नव्या जावयासारखा." "आणि संगणक दुसऱ्याच कामात गुंतला तर?" "मग उशिरा विचारेल. आकडा बरोबरच येईल, पण तोवर माल जळालेला. म्हणून तर बंद करायचं लाल बटण याच्यावर ठेवलं नाही. त्याची वायर सरळ मोटरच्या स्विचला. त्याला कुणी विचारायची गरज नाही."

साहेब गेले, सगळे कामाला लागले. मला मात्र तुम्ही दिसलात, त्या शेवटच्या संध्याकाळचे. धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधून येऊन, पाय धुऊन चुलीपाशी बसला आहात. ताटातली भाकरी तशीच. आई म्हणते, "काय व्हयनं तुमले?" "दुपारपाइन छाती दुखी ऱ्हायनी." "आन मंग आते सांगतस?" तुम्ही शांतपणे म्हणता, "तू आते इचारं." आत्ता विचारलंस, म्हणून आत्ता सांगितलं. उत्तर खरं होतं, नाना. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

मला तरी तुम्ही दुसरं काय शिकवलंत? मोठी माणसं बसली असताना मी मध्येच बोललो की डोळे वटारायचे, "तुले कोनी इचारं का?" ते अंगात मुरलंय. आज सुट्टी आहे. सून आत फोडणी देतेय. मघाशी दारात येऊन म्हणाली, "आबा, भाजी तिखट करू का?" मी म्हणालो, "कर." जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं, बाकीचं पोटात ठेवलं. खरं सांगायचं तर मरणाची जेवढी भीती वाटते, तेवढीच तिला हाक मारायची लाज वाटते.

हे कुठं पाठवायचं तर नाहीच, आणि पुरं करत बसलो तर उशीर होईल. पेन ठेवतो, तिला हाक मारतो. आवाज फुटेल का, याची धास्ती आहे.