हिरव्या चाफ्याचे वाकडे देठ

५ एप्रिल
होळीपासून वहीला हात नाही. स्वतःचीच माफी मागते. सबब नाही, नुसता आळस.
निलेशने खास नवऱ्याच्या थाटात जाहीर केलं : कंपाउंडवरचा हिरवा चाफा पुढच्या रविवारी तोडायचा, तिथे गाडी ठेवायची. "सहा वर्षांत एक फूल नाही!" सासूबाईंनी पारशिवनीच्या माहेरून आणलेलं रोप. त्या जेवल्याच नाहीत नीट. वर मीही म्हटलं, रोपातच खोट असेल.

७ एप्रिल
प्रताप नगरातली अर्धी झाडं खराटा, हा मात्र गर्द. चकचकीत पानं, एकाआड एक. आधी झुडूप होता, मग ग्रिलवर चढला. कशाने? त्या वाकड्या, टणक काट्यांनी. साड्या अडकतात म्हणून दर दिवाळीत मी ते छाटते. यंदा मनगट मुरगळलं, राहून गेलं.

८ एप्रिल
कॉलेजचं पुस्तक काढलं. ते काटे नव्हेतच, फुलांचे देठ! आकड्यासारखे वळतात, त्यांनीच झाड आधार धरतं आणि कळीही त्यांच्यावरच येते. म्हणजे दरवर्षी फुलाची जागाच कापली मी. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र! वर चारचौघांत दोष दिला पारशिवनीच्या रोपाला.

९ एप्रिल
सासूबाईंना सगळं सांगितलं. हसतच सुटल्या. "मले वाटे, शिकलेली सून हाय, काही पाहूनच कापत असंल!"
"थांबवलं का नाही, आई?"
"काहून थांबवू वं? मले तरी काय मालूम, काटा हाय का देठ!"
हलकं वाटलं. पण यंदाचे देठ तर शाबूत आहेत...

१० एप्रिल
स्टुलावर मी, स्टूल धरून त्या. पान न् पान उलटलं. सापडली! एका आकड्यावर कळी, हिरव्यात हिरवी. सासूबाई ओरडल्या, "निलेश, ये गा, पाह्य!"
"हे तं पान आहे."
"जाड पाकळ्या आहेत, सहा. फूल पिवळं पडलं की वास सुटेल."
"रविवारपर्यंत?"
खोटं बोलवेना. "सांगता येत नाही."
"तुह्यासाठी नऊ महिने थांबली मी," सासूबाई म्हणाल्या, "तुले आठ दिवस होत नाही?"
तोही हसला. माळ्याला फोन केला : या रविवारी नको. "फक्त या रविवारी हं!"

११ एप्रिल
आणखी तीन कळ्या! सासूबाईंचे पारशिवनीला तीन फोन, कळीमागे एक. पहिली कळी जराशी फिकट वाटते. की मलाच तसं हवंय? वास अजून नाही.
उद्या : कळी हिरवी की पिवळी, पाहणे. हात न लावता.