दाराची आतली कडी

१२ जून
पुन्हा कडी निखळली! पुढच्या दाराची आतली. घराला वर्ष झालं नाही आणि ही तिसरी वेळ. मे महिन्यात बोअरची मोटार जळली, स्लॅबला ओल आलीय, टाकीला तडा. 'घर पाहावं बांधून' म्हणतात. अहो, बांधणं एकदाच असतं, सांभाळणं रोजचं!

रात्री दाराला धान्याची कोठी लावली. माझा नवरा कुमार एसटीवर ड्रायव्हर, महिन्यातल्या निम्म्या रात्री मुक्कामी गाडीवर. घरात मी आणि पाच वर्षांची प्रतीक्षा. गेल्या महिन्यात गल्लीत चोरी झाली. कडीशिवाय मला झोप लागत नाही — काय करू!

१३ जून
बलभीम सुतार आले. "ताई, कडी चांगली हाय. स्क्रू आपसूक सुटत न्हायत." मग काय भुतानं काढले? त्यांनी मोठे स्क्रू मारले, चहा घेतला आणि जाताना अंगणातल्या शेडकडं बघून म्हणाले, "ह्यो पत्रा बी बदला, लई गळायलाय."

म्हणजे आणखी खर्च. त्या शेडमध्ये मामा झोपतात, माझे सासरे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची पहिली बायको आणि लेक गेली. पुढं दुसरं लग्न केलं, कुमार झाला, सासूबाईही आता नाहीत. पण भूकंपापासून मामांनी रात्री पक्क्या छताखाली म्हणून अंग टाकलं नाही. इथं सास्तुरात याचं कुणाला नवल नाही. मी तेरची, मला सुरुवातीला वाटायचं. जेवायला येतात तेही उंबऱ्याशीच बसतात.

१९ जून
नवी टाकी बसली. हे घर कमवत काही नाही, खातं मात्र जावयासारखं!

२३ जून
कडी पुन्हा निघाली. मोठ्या स्क्रूंसकट! बलभीमना फोन करून नाही नाही ते बोलले. स्वस्तातला माल लावलात, म्हटलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

२७ जून
ऑफिसातून दुपारीच आले. दारापुढं मामा उकिडवे बसलेले, हातात पेचकस. काल मीच कशीबशी बसवलेली कडी मांडीवर.

चिडले. खरंच चिडले! "मामा, तुम्ही? आम्ही दोघी एकट्या असतो. कुणी घुसलं तर?"

मामा स्क्रू एकेक करून खिशात टाकत राहिले. मग म्हणाले, "त्या राती म्या शेतात व्हतो, राखणीला. जाताना म्याच सांगितलं तिला, आतनं कडी लावून घे म्हून. पळत आलो तवा भिताड पडलेलं, दार तेवढं उभं. पोरगी आतनं हाका मारीत व्हती. कडी काय निघंना."

मी पाणी आणून दिलं. किती वाईट बोलले मी त्यांना!

२८ जून
सकाळी उठून बघते तर कडी जागेवर. मामांनीच बसवली. "लाव तू. तुझं बी खरं हाय, पोरी."

रात्री हात कडीपर्यंत गेला, पण लावली नाही. कोठी लावली आणि जागीच आहे. त्यांचं खरं, माझंही खरं. मग या दाराचं करायचं काय? दुपारीच बलभीमना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "मला ठावं व्हतं, ताई. पण म्हाताऱ्याचं नाव कसं घ्यावं?"

२९ जून
आज कुमार मुक्कामी. जेवणं झाल्यावर मामांनी शेडमधली खाट उचलली. मला वाटलं, गळतंय म्हणून सरकवतायत. तर सरळ आत आणली आणि दाराशी टाकली. स्लॅबखाली! वर एकदा बघितलं, म्हणाले, "कडी ऱ्हाऊ दे. म्या हाय की."

दार नुसतं लोटलेलं आहे. प्रतीक्षा आत्ता माझ्या कानात येऊन सांगतेय — आई, आजोबा घोरतात!