गॅलरीतली टाळी

शिकागो, १४ डिसेंबर २०२४

चि. रुही,

आशीर्वाद. आई मजेत आहे. गराजचं दार पुन्हा अडकायला लागलंय. मराठीत लिहितोय, सावकाश वाच. अडलीस तर आईला फोन कर. इंग्रजीत 'सॉरी' म्हणून माणूस पटकन सुटतो, आणि मला तसं सुटायचं नाही.

गुरुवारी मी वॉशिंग्टनला होतो. हो, तुला न सांगता. तुमच्या विदाद नासर बाईंचं संसदेतलं निरोपाचं भाषण ऐकायला. गॅलरीचा पास आपल्याच खासदाराच्या ऑफिसातून मागावा लागतो, म्हणजे बाईंच्याच, तू काम करतेस तिथून! फोन तू उचललास तर, या धास्तीनं शंतनूकाकाला करायला लावला. तो म्हणाला, "यार प्रसन्न, पोरीशी बोलायचं सोडून हे काय चोरासारखं?"

मला वाटलं होतं, अठरा वर्षं निवडून आलेली बाई, सभागृह खच्चून भरेल. अगं, चार टाळकी! खाली बाईंच्या शेजारी तू, कागद सांभाळत. आणि ती बाई त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर अशी ताठ उभी राहून बोलली, की मी थक्कच झालो. सांगत होती, बाप पेट्रोल पंपावर राबलेला. आधी दोनदा निवडणुकीत पडली. अरब म्हणून लोकांनी तोंडावर दारं आपटली. पण हे रडगाणं म्हणून नाही सांगितलं गं! ज्यांनी शिव्या घातल्या, त्यांच्याही आईबापांचे व्हिसे तिनं मार्गी लावले.

मग म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी लायब्ररीतल्या सभेत एका शेजाऱ्यानं विचारलं, तुमची निष्ठा नक्की कुठल्या देशाशी?"

नाव घेतलं नाही तिनं. मी मात्र खुर्चीत अर्धा झालो.

तुझ्या नोकरीचा पहिला आठवडा होता तो. माइक मी तुझ्याच हातून घेतला होता. 'फक्त प्रश्न विचारला' असं आईला आजवर सांगत आलो. खोटं आहे ते. मला तिला चारचौघांत खाली पाडायचं होतं. मला इथे पंचवीस वर्षं विचारतात, 'पण तू नक्की कुठला?' तेच मी तिच्या अंगावर फेकलं. वर तुलाच म्हणालो, नोकरी सोड, नाहीतर बाप विसर. तेव्हापासून आपण वाढदिवसापुरते बोलतो.

बाई म्हणाली, "मी तेव्हा फार चिडले. मग या सभागृहात दिलेल्या प्रत्येक मतानं उत्तर देत राहिले. त्या गृहस्थांना ते पोचलं असेल अशी आशा आहे."

मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. गॅलरीत टाळ्यांना मनाई असते, हे मला काय ठाऊक! आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पहिली टाळी नेहमी माझीच. सुरक्षारक्षकानं दंडाला धरून बाहेर काढलं. तू मान वर करून शोधत होतीस, तेवढं दिसलं.

बाईंना सांग, पोचलं. आणि तो वेडा कोण होता असं ऑफिसात कुणी विचारलं, तर लाज वाटली तरी सांग, माझे बाबा होते.

सांगशील ना?

ज्यानं तुझ्या हातून माइक घेतला,
तो तुझा बाबा